विश्लेषण : ‘स्ट्राँग’ पेनकिलर म्हणजे नेमकी कोणती? गोळ्यांचे वर्ग आणि मेडिकलच्या काउंटरवरचा घोळ

पावसाळ्यात ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवलीत तापाचे रुग्ण वाढतात आणि स्टेशनबाहेरच्या मेडिकलवर संध्याकाळी एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘अंग खूप दुखतंय, काहीतरी स्ट्राँग द्या.’ पट्टी कापून चार गोळ्या पाकिटात पडतात. प्रिस्क्रिप्शन ना कोणी मागत, ना कोणी दाखवत. त्या गोळ्या कोणत्या वर्गातल्या, हे घेणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक नसते. डेंग्यूच्या दिवसांत हे जिवावर बेतू शकते.

वेदनाशामकांचे मुख्य प्रकार कोणते?

ढोबळमानाने तीन. पहिला पॅरासिटामॉल. ताप आणि दुखणे कमी करते, सुजेवर मात्र फारसा परिणाम नाही. निरोगी प्रौढाने दिवसाला चार ग्रॅमची मर्यादा ओलांडली तर यकृताला धोका.

दुसरा प्रकार सूज कमी करणाऱ्या, पण स्टेरॉइड नसलेल्या औषधांचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब ही सगळी यात येतात. ही औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती रोखतात. दुखणे आणि सूज वाढवणारी हीच रसायने पोटाच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. त्यामुळे गुडघ्याला आराम मिळताना पोट आणि किडनीला किंमत मोजावी लागू शकते.

तिसरा प्रकार ओपिऑइडचा, म्हणजे अफूपासून मिळणारी किंवा तशाच पद्धतीने काम करणारी औषधे. कोडीन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन, फेंटानिल. ती मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करून वेदनेची जाणीव कमी करतात. सवय लागणे आणि जास्त मात्रेत श्वास मंदावणे हे त्यांचे मुख्य धोके.

जास्त मिलिग्रॅमची गोळी जास्त स्ट्राँग का?

नाही. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी शिकवतात, एकके वेगळी असतील तर आकड्यांची तुलना करू नका. इथे एकक एकच दिसते, तरी तुलना फसते. पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम आणि डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम या दोन्ही नेहमीच्या मात्रा आहेत, आणि ५० वाली गोळी ‘हलकी’ अजिबात नाही. फेंटानिल तर मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, कारण ते मॉर्फिनच्या सुमारे १०० पट प्रभावी आहे. शिवाय दुखणे कशाचे आहे, यावरही उत्तर बदलते. मासिक पाळीच्या वेदनांवर मेफेनॅमिक ॲसिड जे काम करते, ते करण्यासाठी ट्रॅमाडॉलची गरज नसते.

कायदा वर्गवारी कशी करतो?

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मध्ये ‘शेड्यूल’ म्हणजे परिशिष्टे आहेत. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड ही शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१मध्ये ट्रॅमाडॉल, कोडीन, पेंटाझोसिन आहेत. यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवायची, त्यात डॉक्टर आणि रुग्णाचे नाव लिहायचे आणि ती तीन वर्षे जपायची. शेड्यूल एक्सच्या औषधांना चिठ्ठीची दुसरी प्रत दुकानात ठेवावी लागते. याखेरीज अमली पदार्थांसाठी १९८५चा एनडीपीएस कायदा आहे. ट्रॅमाडॉल २०१८मध्ये त्याच्या कक्षेत आले.

पालघर प्रकरणाने काय दाखवले?

२०१४पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग असलेल्या पालघरमधील हे प्रकरण. फेब्रुवारी २०२५मध्ये बीबीसीच्या शोधवृत्ताने एव्हिओ फार्मास्युटिकल्स ही कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांचे मिश्रण असलेल्या गोळ्या नायजेरिया, घाना, आयव्हरी कोस्ट या देशांत पाठवत असल्याचे समोर आणले. तिथे त्यांचा नशेसाठी वापर होत होता. यानंतर केंद्रीय नियंत्रक आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) पालघरच्या कारखान्यावर कारवाई केली आणि या मिश्रणाच्या उत्पादन व निर्यातीच्या परवानग्या मागे घेण्याचे आदेश निघाले.

त्या वेळी टॅपेंटाडॉल एनडीपीएसच्या यादीत नव्हते. ट्रॅमाडॉलपेक्षा प्रभावी असलेले औषध त्याच्यापेक्षा सैल नियमांखाली होते. यादी रसायनशास्त्राच्या मागून चालते, हे त्यातून दिसले.

मग रोजचा धोका कुठे आहे?

माझ्या मते, आपल्या शहरांतला रोजचा धोका शेड्यूल एचमध्ये आहे. कायद्याची शिडी प्रामुख्याने नशेच्या भीतीने चढते. किडनी आणि पोटाचे नुकसान करणाऱ्या औषधांसाठी चिठ्ठीची अट आहे, पण तिच्याकडे कोणीच गांभीर्याने पाहत नाही.

डेंग्यूचेच उदाहरण घ्या. त्यात प्लेटलेट्स कमी होतात, रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळून पॅरासिटामॉलच घ्यायला सांगतात. पण ‘तापाची गोळी’ म्हणून मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलसोबत ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा निमेसुलाइड असते. पट्टी कापली की ते नाव दुसऱ्या तुकड्यावर राहते.

दुसरे उदाहरण घरातल्या ज्येष्ठांचे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी सुरू असताना गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅक घेतले, तर तिन्ही मिळून किडनीवर ताण येतो. उलट्या, जुलाब किंवा उन्हाने शरीरातले पाणी कमी झाले असेल तर धोका आणखी वाढतो. रक्त तपासेपर्यंत हे कळतही नाही.

उपाय काय?

‘चिठ्ठी हवी तर डॉक्टरची फी आणि अर्धा दिवस कुठून आणायचा?’ हा पहाटेची लोकल पकडणाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच साध्या पॅरासिटामॉलवर चिठ्ठीची सक्ती नाही आणि ती नसावीही. पण ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय गाठणे हे तिसरी ‘स्ट्राँग’ गोळी घेण्यापेक्षा केव्हाही बरे.

महापालिका डासांबाबत फलक लावतात, त्यावर ‘तापात कोणती गोळी टाळावी’ ही एक ओळ वाढवायला खर्च नाही. एफडीएने नोंदवह्या तपासताना शेड्यूल एचची विनाचिठ्ठी विक्रीही तपासायला हवी. आणि सुटी गोळी देताना पाकिटावर औषधाचे नाव, मात्रा आणि एक्स्पायरी लिहिण्याची सवय दुकानदारांनी लावून घ्यावी.

ग्राहकाने तीन गोष्टी कराव्यात. बिल घ्यावे. ब्रँडखाली बारीक अक्षरात छापलेली घटकांची नावे वाचावीत. रक्तदाब, मधुमेह, किडनीचा आजार, पोटातला अल्सर किंवा गर्भधारणा असेल तर ते आधी सांगावे. नैराश्यावरची औषधे सुरू असणाऱ्यांनी ट्रॅमाडॉलबाबत डॉक्टरांना जरूर विचारावे, कारण ही जोडी घातक ठरू शकते. काउंटरवर ‘स्ट्राँग द्या’ म्हणण्याआधी ‘यात काय आहे’ एवढे तरी विचारा. उत्तर मिळाले नाही, तर ती गोळी घेऊ नका.