शिक्षणसेवकाला शाळेने घडवावे

नव्या शिक्षकाविषयी आपल्याकडे एक मत पक्के रुजले आहे. डी.एल.एड. झाले, टीईटी झाली, अभियोग्यता चाचणी झाली, पवित्र पोर्टलवरून निवड झाली. आता त्याला आणखी काय शिकवायचे? वर्गावर सोडा, पाण्यात पडला की पोहायला लागेल. हे मत बोलायला सोपे आहे, पण त्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते. इथे शिक्षक बुडत नाही. तो नोकरीत राहतो आणि चारदोन वर्षांत सरावतोही. बुडतात ती त्या चारदोन वर्षांत त्याच्यापुढे बसलेली मुले, आणि त्यांची पहिली-दुसरी पुन्हा येत नाही.

निवडपरीक्षा निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण ती काय मोजते ते पाहावे. अभियोग्यतेचे 120 आणि बुद्धिमत्तेचे 80 अशा 200 गुणांचे वस्तुनिष्ठ प्रश्न उमेदवाराची चुणूक दाखवतात. वर्गात उभे राहण्याची तयारी दाखवत नाहीत. 52 मधून 38 वजा करताना एखादे मूल 26 उत्तर लिहिते. नवखा शिक्षक त्यावर फुली मारतो आणि फळ्यावर तेच गणित पुन्हा करून दाखवतो. मुरलेली शिक्षिका मात्र ‘कसं केलंस, सांग बरं’ असे विचारते. मग कळते, की दोनातून आठ जात नाहीत म्हणून मुलाने आठातून दोन काढले आहेत. ती दहा-दहा काड्यांचे गठ्ठे पुढे ठेवते आणि त्यातला एक गठ्ठा मुलालाच सोडायला लावते. चुकीमागचा विचार ओळखण्याची ही नजर दुसऱ्याला शिकवताना पाहून आणि आपले शिकवणे दुसऱ्याला दाखवून येते. ती सोय शाळेतच होऊ शकते.

महाराष्ट्रात ही सोय करायला मुदतही आयती हाताशी आहे. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली आणि पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढायची अशी रीत पडली. शाळेच्या स्तरानुसार सहा, आठ आणि नऊ हजारांचे मानधन जानेवारी 2023 पासून सोळा, अठरा आणि वीस हजार झाले. मानधनाचा वाद रास्तच होता. पण या तीन वर्षांत शिक्षणसेवकाने काय शिकायचे आणि कोणाकडून, हा प्रश्न त्या वादात मागेच पडला. सरकारच्या लेखी हा काळ पगाराच्या बचतीचा. शाळेत तर अनेकदा उलटेच घडते: ‘तुम्ही तरुण, तुम्हाला संगणक येतो’ म्हणून ऑनलाइन माहिती भरण्यापासून पोषण आहाराच्या नोंदींपर्यंत सगळे नव्याच्याच गळ्यात. इंग्लंडमध्ये 2021 पासून नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी दहा टक्के आणि दुसऱ्या वर्षी पाच टक्के तासांची सूट आणि एक मार्गदर्शक शिक्षक दिला जातो. इंगरसोल आणि स्ट्राँग या अभ्यासकांनी 2011 मध्ये अशा उपक्रमांवरील संशोधनाचा आढावा घेतला. बहुतेक अभ्यासांत शिक्षकाचे टिकणे, त्याचे अध्यापन आणि मुलांची प्रगती या तिन्हींवर चांगला परिणाम दिसला होता.

यावर मुख्याध्यापकांचा आक्षेप ठरलेला: टपाल, अहवाल, बैठका यांतून वेळ कुठे आहे? तक्रार खरी आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. वेळापत्रक मुख्याध्यापकच लावतात. पहिलीचा वर्ग नवख्याला न देता अनुभवी शिक्षिकेला देणे, आठवड्यातला एक तास दोघांना एका वर्गात बसता येईल असा जुळवणे, यासाठी वरून आदेश यावा लागत नाही. दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकच नसतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार प्राथमिक शाळेला हे पद दीडशेच्या वर पट असल्यावरच मिळते. अशा लहान शाळांत जबाबदारी केंद्रप्रमुखांची. केंद्राची शिक्षण परिषद भरतेच. तिथे परिपत्रके वाचून दाखवण्याऐवजी एखादा पाठ घेऊन त्यावर चर्चा केली, तर एकट्यादुकट्या शिक्षकालाही सोबती मिळतील.

तिसरा आक्षेप असा, की मार्गदर्शनाच्या नावाखाली आणखी एक तपासणी सुरू होईल. भीती अनाठायी नाही, म्हणूनच एक पथ्य पाळावे: सोबत करणाऱ्याने पाहिलेला पाठ गोपनीय अहवालात जाऊ नये. आपली फसलेली युक्ती नवा माणूस मोकळेपणाने सांगेल ती तरच. मुख्याध्यापकाने आधी आपला पाठ इतरांना पाहू द्यावा, म्हणजे दार उघडे ठेवण्याची लाज कोणालाच वाटणार नाही. हीच गोष्ट गावाची. लातूर-बीडकडचा उमेदवार मेळघाटात रुजू होतो आणि समोरची मुले घरी कोरकू बोलतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांच्याशी पहिल्याच आठवड्यात नव्या शिक्षकाची गाठ घालून दिली, तर भाषेच्या अडचणीत मदतीला माणूस मिळतो आणि शाळा गावाला आपली वाटू लागते.

शिक्षणसेवकाची तीन वर्षे शिकण्याची असतील, तर शासनाने ते नियमात लिहावे: तासांत सूट, नेमून दिलेला सोबती आणि पहिल्या वर्षी कारकुनी कामातून मोकळीक. तोवर मुख्याध्यापकांनी वाट पाहू नये. या जूनमध्ये रुजू होणाऱ्या शिक्षकाच्या हाती नोंदवह्या देण्याआधी त्याला शेजारच्या वर्गात नेऊन बसवावे.