ग्राउंड कोणाच्या बापाचं?

दिवाळीत गावी गेले होते. गाव म्हणजे जळगाव जामोद. (खानदेशातलं जळगाव नव्हे हो! पुण्यात गेली सात वर्षं हे सांगून सांगून घसा बसलाय. बुलढाणा जिल्हा, सातपुड्याचा पायथा, नांदुऱ्याला रेल्वेतून उतरायचं आणि एसटी धरायची.) बॅगेत कपडे, लॅपटॉप आणि एक पांढरी फ्रिसबी. पुण्यात रविवारी सकाळी आम्ही अल्टिमेट खेळतो, आणि हा नाद काही आता सुटत नाही.

संध्याकाळी मामेबहिणीला घेऊन तिच्या कॉलेजच्या ग्राउंडवर गेले. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ग्राउंडवर पोरांच्या क्रिकेटच्या चार मॅचेस एकाच वेळी चालू. आम्ही दोघी आपल्या कडेला, कुंपणाजवळ. दुसऱ्या दिवशी तिच्या तीन मैत्रिणी आल्या. सहाव्या दिवशी अकरा जणी होत्या! ओढण्या कमरेला बांधलेल्या, चपला कुंपणापाशी, आणि आरडाओरडा असा की पोरांनी क्रिकेट थांबवून बघावं.

फिरायला आलेले एक सर थांबले. कौतुकाने म्हणाले, "चांगलं आहे बेटा. नाहीतर पोरी ग्राउंडवर येतच नाहीत ना. मंग आम्ही काय करावं?"

मी हसून मान डोलावली. पुण्याला परतताना रात्रभर ट्रेनमध्ये स्वतःवर चिडत राहिले, की मान का डोलावली?

पंधरा दिवसांनी बहिणीचा फोन. "ताई, आम्ही आठवड्यातून दोन दिवस ग्राउंड मागितलं. तर म्हणतात, आधी टीम दाखवा, मग ग्राउंड देऊ."

मंडळी, आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. एक प्रोसेस दुसरीने धरून ठेवलेल्या रिसोर्सची वाट बघते, दुसरी पहिलीच्या. दोघी आपापल्या जागी बरोबर आणि दोघी ठप्प. कोणीतरी हातातलं सोडल्याशिवाय गाडी हलत नाही. इथे पोरींच्या हातात सोडण्यासारखं काहीच नाही. म्हणजे सोडायचं कोणी, हे वेगळं सांगायला नको.

"पोरी येतच नाहीत" हे वाक्य खोटं आहे, असं माझं म्हणणं नाही. ते उलटं आहे. अमेरिकेत १९७२ साली टायटल नाइन नावाचा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून भेदभाव करायचा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. त्याआधी, १९७१-७२ मध्ये, तिथल्या हायस्कूलांच्या संघांतून खेळणाऱ्या मुली तीन लाखांहूनही कमी होत्या. आज तीस लाखांच्या वर आहेत. आता मला सांगा, मधल्या काळात काय अमेरिकन मुलींचे पाय बदलले? ग्राउंड उघडलं, मुली आल्या. क्रम हा असा आहे.

योगायोग बघा, त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांत अल्टिमेटचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. खेळ १९६८ मध्ये न्यू जर्सीतल्या एका शाळेतल्या पोरांनी काढलेला. सात-सात जणांचे दोन संघ, १७५ ग्रॅमची चकती. चकती हातात असताना पळायचं नाही, दहा सेकंदांत फेकायची, आणि समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या खेळाडूने झेलली की एक गुण. मैदान १०० मीटर बाय ३७, म्हणजे फुटबॉलच्या निम्म्याहून थोडं जास्त. आणि पंच नाही! जागतिक स्पर्धेतसुद्धा फाउल झाला की खेळाडूनेच ओरडायचं, समोरच्याने मान्य करायचं किंवा वाद घालायचा. पटलं नाही तर चकती पुन्हा फेकणाऱ्याकडे. (पोरखेळ वाटतोय? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१५ मध्ये या खेळाच्या जागतिक महासंघाला मान्यता दिली आहे.)

पण मला खेळापेक्षा तिथली पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. तिथल्या बहुतेक कॉलेजांत अल्टिमेट हा कॉलेजचा अधिकृत खेळ नसतोच. तो क्लब असतो, आणि मुलींचा क्लब मुली चालवतात. वर्गणी त्या काढतात, कॅप्टन त्या ठरवतात, नवीन आलेलीला जुनी शिकवते. एक बॅच पास होऊन गेली तरी क्लब राहतो.

आता आपल्याकडचं बघा. मी इंजिनिअरिंगला असताना (कॉलेजचं नाव कशाला?) मुलींची खो-खोची टीम होती. म्हणजे स्पर्धेच्या आठ दिवस आधी तयार व्हायची. वर्गात येऊन विचारायचे, "कोण धावू शकतं?" मी हात वर केला. गेलो, पहिल्याच सामन्यात हरलो, फोटो काढला, सर्टिफिकेट मिळालं. फोटो वार्षिक अंकात छापून आला. दुसऱ्या दिवसापासून ग्राउंड पुन्हा पोरांचं. याला टीम म्हणत नाहीत हो, याला कागदपत्रं पूर्ण करणं म्हणतात.

तुम्ही म्हणाल, मग खो-खोच नीट खेळा की! ही परदेशी थाळी कशाला फेकायची? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी फायनलमध्ये नेपाळला ७८-४० असं धुतलं. मी ऑफिसात ओरडले होते. जी खो-खो खेळते तिने खो-खोच खेळावा. आणि परदेशीचं म्हणाल तर १९३६ मध्ये आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवले, तेव्हा ते तिथल्या लोकांना परदेशीच होते ना?

पण अल्टिमेटचे दोन फायदे आहेत. एक, जी मुलगी दहावीनंतर ग्राउंडवरून गायब झाली, तिला एकोणिसाव्या वर्षी कबड्डीत परत येणं जड जातं. बाकीच्या तिच्या कितीतरी पुढे गेलेल्या असतात. या खेळात जळगाव जामोदमध्ये सगळ्याच पहिलीच्या वर्गात! आणि "असं नसतं खेळायचं" म्हणून शिकवायला येणारा एकही दादा गावात नाही.

दुसरा फायदा मी स्वतः भोगलाय. पुण्यातल्या माझ्या पहिल्या मॅचमध्ये मला सरळ धक्का लागला, पडले, आणि मी गप्प. समोरचीच म्हणाली, "अगं, फाउल म्हण ना!" तोंडातून शब्द फुटेना. मीटिंगमध्ये माझी आयडिया दुसऱ्याने स्वतःची म्हणून सांगितली तेव्हाही असाच फुटला नव्हता. जिथे पंच नाही तिथे स्वतःचा फाउल स्वतःलाच सांगावा लागतो, आणि स्वतःची चूकही. हे आपल्या मुलींना ना शाळेत शिकवतात ना घरी. घरी तर उलटंच शिकवतात.

असो. फुकटचा संताप पुरे. मागण्या तीनच आहेत. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, चार ते साडेपाच, ग्राउंड मुलींच्या नावावर. आल्या पाच तरी त्यांचंच, नाही आल्या तरी त्यांचंच. दुसरी, ग्राउंडजवळचं बाथरूम उघडं आणि किल्ली मुलींकडे. तिसरी, कॅप्टन मुली निवडतील. वेळ साडेपाचपर्यंतच का, तर खेड्यांवरून येणाऱ्या मुलींना एसटी गाठायची असते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे उत्तमच झालं. पण गाडी चुकली तर अर्ध्या तिकिटाचं काय लोणचं घालायचं?

या तिन्हींना खर्च किती? किल्लीची डुप्लिकेट करायचे पैसे. चकती मी पाठवली आहे.

तुमच्यापैकी किती जण तालुक्याच्या गावांतून आलाय ते मला माहीत आहे. आपापल्या जुन्या कॉलेजला एक फोन लावा आणि विचारा, मुलींची ग्राउंडची वेळ कोणती? "पोरी येतच नाहीत" असं उत्तर आलं, तर माझ्यासारखी मान डोलावू नका. फाउल म्हणा. जरा मोठ्याने.