आधी आकडा, मग खर्च



गोंदियाचा धान असो की कोरडवाहूचा कापूस-ज्वारी, माल पिकअपमध्ये भरून ठेवावा आणि पहाटे गाडी उठू नये! मिस्त्री म्हणतो, बॅटरी गेली. उसनवारीने नवी आणावी, तर आठवड्यात तीही उतरते. कीड न पाहता फवारा मारण्यातलाच हा प्रकार.

बॅटरी वीज साठवते. ती भरतो अल्टरनेटर. साधा मल्टीमीटर बॅटरीला लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ आकडा हवा. चालू इंजिनावर तो वाढलाच नाही, तर दोष भरण्यात आहे. आधी सैल पट्टा, बुरसटलेले टर्मिनल, ढिली अर्थिंग पाहा. मग अल्टरनेटर खोला. आकडा १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर तपासा. भरणे ठीक असूनही बॅटरी रात्रीत उतरते, तेव्हा बॅटरीवर किंवा वीज खाणाऱ्या वायरिंगवर संशय घ्या.

चालू इंजिनात बॅटरीची तार काढून पाहण्याची रीत मात्र बंद करा. त्याने अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

मालाचा भाव आपल्या हाती नाही; फुकटचा खर्च टाळणे आहे. बाजारात काटा डोळ्यांनी पाहता, तसा हा आकडाही पाहा. मगच खिशात हात घाला.