संगणकाचे सहावे वर्ष

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा २०२४-२५ या वर्षाचा 'यूडायस प्लस' अहवाल २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. देशातील सुमारे १४ लाख ७१ हजार शाळांपैकी ६४.७ टक्के शाळांत संगणकाची आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय असल्याची नोंद त्यात आहे. आदल्या वर्षी हेच प्रमाण अनुक्रमे ५७.२ आणि ५३.९ टक्के होते. वाढ लक्षणीय आहे. त्यानंतर दोनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, मंत्रालयाने २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती अभ्यासक्रमात आणण्याचा मनोदय जाहीर केला. या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की प्रश्न उभा राहतो. जिथे तीनपैकी एका शाळेत संगणकच नाही, तिथे हा अभ्यासक्रम कोणाच्या बळावर शिकवला जाणार? आणि ज्या दोन शाळांत संगणक आहे, तिथे तो आणखी किती वर्षे चालू राहणार?

यातला दुसरा प्रश्न राजधानीत क्वचितच विचारला जातो. शाळांत तंत्रज्ञान नेण्याचा इतिहास मात्र प्रामुख्याने याच प्रश्नाचा आहे. १ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झालेल्या 'साइट' प्रयोगात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. विक्रम साराभाई यांच्या कल्पनेतून निघालेल्या या प्रयोगाची सूत्रे एकनाथ चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाकडे होती. संच बसवण्याइतकाच विचार ते बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार याचाही झाला होता, आणि म्हणूनच तो प्रयोग आजही आदराने आठवला जातो. वर्षभराची मुदत संपताच उपग्रह परत गेला आणि बहुतेक गावांतील पडदे कोरे झाले. देखभालीचे शहाणपण होते, पुढची तरतूद नव्हती.

त्यानंतरच्या योजनांत ते शहाणपणही मागे पडत गेले. १९८४-८५ मध्ये 'क्लास' या नावाने सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटिश बनावटीचे 'बीबीसी मायक्रो' संगणक पोहोचले. पाठसाहित्य बहुतांशी इंग्रजीत होते आणि शिक्षकांना मिळालेले प्रशिक्षण तुटपुंजे. सप्टेंबर २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडण्यात आला. तो २०१० मध्ये निवृत्त झाला आणि २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांनी या कार्यक्रमाचा पंचनामा मांडला. उपग्रह वेळेवर आकाशात गेला होता. जमिनीवरील जाळे, पाठसाहित्य आणि व्यवस्थापन यांची घडी मात्र बसली नव्हती. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली शालेय संगणक योजना २०१८ पासून समग्र शिक्षा अभियानात विलीन झाली आणि आजच्या बहुतेक शालेय संगणक कक्षांचा पैसा तिथूनच येतो.

या अभियानातील आर्थिक निकष बारकाईने पाहण्यासारखे आहेत. एका शाळेच्या संगणक कक्षासाठी ६ लाख ४० हजार रुपये एकरकमी आणि त्यानंतर दरसाल २ लाख ४० हजार रुपये आवर्ती खर्चासाठी मिळतात. हा आवर्ती निधी पाच वर्षांपुरता असतो. म्हणजे पाच वर्षांत खरेदीवर ६ लाख ४० हजार, तर चालवण्यावर १२ लाख. तंत्रज्ञान विकत घेण्यापेक्षा ते चालवणे जवळपास दुप्पट महाग पडते, हे दिल्लीला ठाऊक नाही असे म्हणता येत नाही. तिच्याच निकषांत ते लिहिलेले आहे. अडचण आहे ती सहाव्या वर्षाची. तोवर यंत्रे जुनी झालेली असतात, दुरुस्तीचा खर्च वाढलेला असतो आणि नेमका त्याच वेळी निधीचा नळ बंद होतो. विजेचे बिल, इंटरनेटचे शुल्क आणि संगणक शिक्षकाचे मानधन ही तीनही ओझी मग राज्याच्या किंवा स्थानिक संस्थेच्या माथी येतात.

खासदारांच्या स्थानिक क्षेत्र विकास निधीतही हाच दोष नियमानेच आहे. या निधीतून टिकाऊ मत्ता उभी करता येते, आवर्ती खर्च करता येत नाही. शाळेला संगणक देता येतो, त्याचे वीजबिल भरता येत नाही. उद्योगांच्या सामाजिक दायित्वातून येणाऱ्या देणग्यांचा कलही बहुधा वस्तूंकडेच असतो, कारण वस्तूवर नाव कोरता येते आणि तिचे उद्घाटन होते. दुरुस्तीचे उद्घाटन होत नाही. शासकीय उपयोगिता प्रमाणपत्रही रक्कम मंजूर कामावर खर्च झाली का, एवढेच विचारते. संगणक वर्षातील किती दिवस चालू होता, हा रकाना त्यात नाही. प्रमाणपत्रावर सही करणारा अधिकारी काहीही खोटे लिहीत नाही आणि तरीही कक्षाला कुलूप असू शकते.

हे अपरिहार्य आहे का? केरळचा अनुभव तसे सांगत नाही. त्या राज्याने २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक माध्यमिक शाळेतील एका शिक्षकाकडे समन्वयाची जबाबदारी दिली आणि शिक्षकांमधूनच निवडलेले मुख्य प्रशिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत नेमले. मुक्त संगणक प्रणाली स्वीकारल्यामुळे परवान्यांचा खर्च वाचला आणि मल्याळम भाषेत काम करणे सुकर झाले. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे 'काइट' या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. पुढच्याच वर्षी ४५ हजार वर्गखोल्या अद्ययावत करण्याची योजना आली, तेव्हा पुरवठादारांकडून पाच वर्षांची हमी आणि तक्रार निवारणाची व्यवस्था खरेदीच्या करारातच घालून घेतली गेली. 'लिट्ल काइट्स' या मंडळांतून मुलांनाही यंत्रांच्या निगराणीत सहभागी करून घेण्यात आले.

केरळ आटोपशीर आहे, साक्षर आहे, तिथली शाळा रस्त्यापासून दूर नसते, हा आक्षेप रास्त आहे. २०२० च्या जून महिन्यात दूरचित्रवाणीवरून वर्ग सुरू झाले तेव्हा अनेक घरांत संचच नसल्याचे तिथेही आढळले होते. उत्तर प्रदेश किंवा झारखंडला केरळचा आराखडा जसाच्या तसा लावता येणार नाही. मात्र त्यातील क्रम उचलता येण्याजोगा आहे. तिथे माणसे आधी उभी राहिली, यंत्रांची मोठी खरेदी नंतर झाली. इतरत्र बहुधा याच्या उलट घडते.

महाराष्ट्राने हा धडा वेगळ्या वाटेने शिकवला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी ही कल्पना स्वीकारली, २०१८ मध्ये 'एनसीईआरटी'च्या पुस्तकांतही ती आणण्याचे जाहीर झाले आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार डिसले यांना मिळाला. येथे महागडे यंत्र नव्हते. वर्गाची गरज ओळखणारा शिक्षक होता. परंतु अशा शिक्षकांवर भिस्त ठेवून धोरण आखता येत नाही. २०२४-२५ मध्ये देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी होत्या. चार इयत्ता, माध्यान्ह भोजन आणि शासकीय नोंदी एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाला बंद पडलेल्या पडद्याची दुरुस्तीही करायला सांगणे हे नियोजन नव्हे.

मुलांचा प्रश्नही केवळ उपकरणाचा राहिलेला नाही. 'असर २०२४' या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. यंत्र घरात पोहोचले आहे. त्याचा अभ्यासासाठी उपयोग करायला शिकवणारा शिक्षक त्या वेगाने तयार झालेला नाही.

या साऱ्यावर केंद्र-राज्य संबंधांची छाया आहे. शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आले. समग्र शिक्षेत बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६०:४० अशी आहे. पीएम श्री योजनेच्या करारावर स्वाक्षरी न केलेल्या राज्यांचा समग्र शिक्षेचा निधी अडला. तामिळनाडू दोन हजार कोटींहून अधिक रकमेसाठी २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयात गेले. केरळने ऑक्टोबरमध्ये करारावर स्वाक्षरी केली आणि आघाडीतील घटक पक्षाच्या विरोधामुळे काही दिवसांतच अंमलबजावणी स्थगित ठेवण्याचा निर्णय घेतला. राष्ट्रीय शिक्षण धोरणावरील हा वाद वैचारिक आहे आणि तो खुशाल व्हावा. पण निधी अडतो तेव्हा आधी थांबतो तो आवर्ती खर्च. ज्या राज्याने देखभालीची व्यवस्था सर्वात नेटकी उभारली, त्याच राज्याचा निधी अडावा, यातला विरोधाभास दिल्लीने ओळखायला हवा.

समग्र शिक्षेचा २०२१ मध्ये मंजूर झालेला टप्पा २०२५-२६ या वर्षापर्यंतचा होता. पुढील टप्प्याचे निकष हीच आता दुरुस्तीची संधी आहे. पाच वर्षांनंतरच्या देखभालीत केंद्राचा वाटा निश्चित करणे, गटपातळीवर शिक्षकांच्या मदतीला तंत्र-साहाय्यक नेमणे आणि उपयोगिता प्रमाणपत्रात यंत्र चालू असलेल्या दिवसांचा रकाना घालणे, या तीन गोष्टींसाठी ना नवा उपग्रह लागतो, ना नवे मिशन. त्यातील शेवटची तर जवळपास बिनखर्चाची आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे पाठ्यपुस्तक तिसरीच्या मुलाच्या हाती पडेल तेव्हा त्याच्या शाळेतील संगणकाचे कितवे वर्ष चालू असेल, याचा हिशेब मात्र तो अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनीच आधी मांडला पाहिजे.