राजा इकडे, टिळक तिकडे

नारायण पेठेत राहत असल्यामुळे केसरीवाडा माझ्या रोजच्या रस्त्यावर. गणपतीत तिथल्या ट्रॅफिकला शिव्या घालणं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध! ‘टिळक आमच्या रत्नागिरीत जन्मले हो,’ असं आजी म्हणायची, तेव्हा माझं लक्ष मोबाइलमध्ये. रत्नागिरी तिचं माहेर. ‘एकदा नेऊन आण गं,’ हे दर मे महिन्यात ठरलेलं. मी ‘पुढच्या लाँग वीकएंडला नक्की’ म्हणायचे आणि गँगबरोबर गोव्याला सटकायचे.

या जानेवारीत तिचे गुडघे फारच कुरकुरायला लागले. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. गाडी काढली, आंबा घाट उतरलो.

पहिला स्टॉप टिळक आळी. १८५६ मध्ये टिळक जन्मले ते कौलारू घर. मग थिबा पॅलेस. लालसर, तीन मजली, अर्धगोल लाकडी खिडक्यांचा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, याला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेच्या गादीवरून उचललं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. हा पॅलेस तयार झाला १९१० मध्ये. राजा त्यात जेमतेम सहा वर्षं राहिला, १९१६ मध्ये गेला. समाधीही रत्नागिरीतच.

आता गंमत बघा. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली आणि इंग्रजांनी त्यांना ठेवलं कुठे? मंडालेला! १९१४ पर्यंत. ‘गीतारहस्य’ लिहिलं ते तिथल्याच तुरुंगात. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत, एकाच वेळी कैदेत. शाळेत हे जोडून कुणी का नाही सांगितलं, यार? इतिहासात दोन मार्क जास्त पडले असते.

आजीला मी हे सगळं उत्साहाने ऐकवलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

‘बिचारा. पण त्याला रोज समुद्र तरी दिसायचा.’

लग्न होऊन ती नारायण पेठेत आली, त्याला एकसष्ट वर्षं झाली. मी काहीच बोलले नाही.

बाकी लिस्ट पटकन सांगते. रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ आणि तिथला वारा. गावात १९३१ चं पतितपावन मंदिर, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, सगळ्या जातींसाठी पहिल्यापासून खुलं. मिरकरवाडा बंदरावर मासळी उतरताना बघा (नाक सांभाळून). मी सुरमई हाणली, आजीने माझ्याकडे पाठ करून घावन खाल्ले. हापूससाठी मात्र एप्रिल-मेमध्ये जा आणि घामाची तक्रार करू नका.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांपाशी आजीने चपला माझ्या हातात दिल्या, नऊवारी जरा वर खोचली आणि सरळ पाण्यात! गुडघे बहुतेक गाडीतच राहिले होते. अंधार पडायला लागला तशी मी हाक मारली, ‘आजी, निघायचं?’

‘तू हो पुढे,’ ती वळूनही न बघता म्हणाली. ‘मी येते.’