आरोग्य : श्वासाच्या वाटेवरचे दार

नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूरच्या घरांना दारे नसतात, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपल्या श्वासाच्या वाटेवर मात्र दार आहे. घास गिळताना घशातील स्वरयंत्राचे झाकण मिटते. चुकून काही त्याच्या पलीकडे गेले, तर खोकला ते बाहेर फेकू पाहतो.

मोठ्या माणसाची श्वासनलिका १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. छातीत तिचे दोन फाटे होतात. उजवा फाटा आखूड, रुंद आणि जवळजवळ सरळ खाली जाणारा. डावा लांब, अरुंद आणि जास्त तिरका. उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन. प्रत्येकाला स्वतंत्र फांदी. अशा सुमारे २३ वेळा फांद्या फुटत शेवटी हवेचे सूक्ष्म फुगे येतात.

म्हणूनच घशातून निसटलेला शेंगदाणा बहुतेक वेळा उजव्या फाट्यात जाऊन बसतो. लहान मुलांच्या नळ्या बारीक, दाढा अपुऱ्या, आणि खाताना हसणे-पळणे चालूच. शेंगदाणा ओलाव्याने फुगतो. तो क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाही. मग मुलाचा खोकला, एका बाजूची घरघर, पुन्हा पुन्हा येणारा ताप यांना दमा किंवा सर्दी समजून औषधे चालू राहतात. खोकला सुरू होण्यापूर्वी मुलाला खाताना ठसका लागला होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. १८९७ साली जर्मनीत गुस्ताव किलियान यांनी नळीतून पाहत एका शेतकऱ्याच्या उजव्या फाट्यातून हाडाचा तुकडा काढला. आजही दुर्बिणीनेच अशी वस्तू काढतात.

ठसका लागल्यावर मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल तर पुढे वाकवून पाठीवर पाच थापा द्याव्यात. तरीही अडकलेले निघाले नाही, तर वर्षावरील मुलाच्या बेंबीच्या वर, मागून कवेत घेऊन, आत-वर पाच झटके द्यावेत. वर्षाच्या आतील बाळाला मात्र छातीच्या मधोमध पाच दाब. हे आलटून-पालटून करत राहावे आणि कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगावे. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये.

शीरखुर्म्यातील बदाम-पिस्ते, भाजलेले दाणे, सीताफळाच्या बिया लहानग्यांपासून दूरच ठेवाव्यात. पाच वर्षांच्या आतील मुलांना सुकामेवा कुटून, बारीक पूड करूनच द्यावा, तोही बसवून.