घोड्याला विचारलं का कुणी?

फेब्रुवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी झाली, की दोन दिवस आपल्या मोबाईलवर तेच असतं. मोठाल्या हॅट्स, भारी कपडे, सेलिब्रिटी आणि मधूनमधून घोडे. मग कॅन्टीनमध्ये एक जण म्हणतो, "बिचाऱ्यांना किती मारतात रे!" दुसरा लगेच उत्तर देतो, "अरे, तो पळायलाच जन्मलाय. त्याला मजाच येते." चहा संपतो, विषयही संपतो.

हा विषय जरा लांबवूया. कारण रेसकोर्सवर गेल्या काही वर्षांत आपल्याकडे भरपूर चर्चा झाली, पण ती जमिनीची होती. महालक्ष्मीच्या २११ एकरांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. २०२४ मध्ये तोडगा निघाला, की १२० एकर मुंबई महापालिकेच्या सेंट्रल पार्कसाठी आणि ९१ एकर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे. उद्यान, पार्किंग, बिल्डर, मोकळी हवा, सगळ्यावर बोलून झालं. पैशांचीही चर्चा झाली. ऑक्टोबर २०२३ पासून बेटिंगच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. ज्याच्या पाठीवर हे सगळं उभं आहे, त्या घोड्याला शर्यत आवडते का, त्याचं त्यात भलं होतं का, हा प्रश्न मात्र कुणी फारसा विचारला नाही.

पळणं वेगळं, शर्यत वेगळी

घोडा पळण्यासाठी घडलाय यात शंका नाही. तो शिकाऱ्यापासून पळून जीव वाचवणारा, कळपात राहणारा प्राणी आहे. शिंगरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभं राहतं आणि थोड्याच वेळात आईमागे धावू लागतं. साधारण ५०० किलोंचा थरोब्रेड ताशी ६० किलोमीटरहून जास्त वेगाने पळतो. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारं त्याचं हृदय तेव्हा दोनशेच्या वर जातं. बैलांच्या शर्यतींवरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आठवतोय? बैलाचं शरीर घोड्यासारखं पळण्यासाठी बनलेलं नाही, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. (पुढे कायदा बदलला आणि २०२३ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, तो भाग वेगळा.)

पण इथेच घोडं पेंड खातं! शरीर पळू शकतं, याचा अर्थ शर्यत आवडते असा होत नाही. मोकळ्या कुरणातले घोडे बघा. ते अचानक उधळतात, लाथा झाडतात, थोडं हुंदडतात आणि पुन्हा मान खाली घालून चरायला लागतात. कधी थांबायचं, हे घोडा स्वतः ठरवतो. डर्बीचं अंतर आहे २४०० मीटर. तिथे कधी सुटायचं, कधी वेग वाढवायचा आणि दमल्यावरही किती ताणायचं, हे त्याच्या पाठीवरचा माणूस ठरवतो. तुम्हाला क्रिकेट आवडत असेल. पण पायात गोळा आल्यावर मागून कुणी काठी मारत "अजून एक रन" म्हणू लागलं, तर त्याला तुम्ही खेळ म्हणाल का?

जॉकी पडला, तरी घोडा पळतोच की!

शर्यतीच्या बाजूने हमखास येणारा हा मुद्दा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इंग्लंडच्या ग्रँड नॅशनलमध्ये अडथळ्यांवरून उड्या मारताना जॉकी पडतात आणि रिकाम्या पाठीचे घोडे बाकीच्यांसोबत पळत राहतात. मग कुणाची जबरदस्ती नसताना ते का पळतात?

एक सरळ उत्तर म्हणजे कळप. सगळे एका दिशेने सुसाट निघाल्यावर मागे राहणं हा घोड्याच्या दृष्टीने धोका असतो. म्हणजे तो सोबतीसाठी पळतोय, भीतीने पळतोय की मजेत पळतोय, हे नुसत्या पळण्यावरून सांगता येत नाही. उलट १९६७ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी पॉपहॅम डाउन नावाचा जॉकी नसलेला घोडा एका अडथळ्यापाशी आला आणि उडी न मारता आडवा वळला. मागचे घोडे एकमेकांवर धडकले आणि त्या गोंधळातून वाट काढत फॉइनावन नावाचा, १०० ला १ भाव असलेला घोडा जिंकला. आज त्या अडथळ्याला फॉइनावनचं नाव आहे. पण आडवा वळलेल्या घोड्याने त्याच्यापुरतं उत्तर दिलं होतं, ते फार कुणी लक्षात घेतलं नाही.

चाबूक कशासाठी?

शर्यत त्याला एवढी आवडत असेल, तर चाबूक का लागतो? घोडेस्वार सांगतात, की चाबूक दिशा सांभाळायला, सुरक्षेसाठी आणि घोड्याला प्रोत्साहन म्हणून असतो. आता संशोधन काय सांगतं ते बघू.

ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाचे पॉल मॅकग्रीव्ही आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पाच शर्यती बारकाईने तपासल्या. घोड्यांचा सर्वाधिक वेग चाबूक चालायच्या आधीच्या टप्प्यात होता. चाबूक सर्वाधिक चालला तो शेवटच्या ४०० मीटरमध्ये, म्हणजे घोडे दमलेले असताना. त्याने निकालात ठळक फरक पडल्याचं दिसलं नाही. पाच शर्यती म्हणजे नमुना लहान, हे खरं. म्हणून २०२० चा मोठा अभ्यास बघा. ब्रिटनमध्ये काही शर्यतींत जॉकीकडे चाबूक असतो, पण प्रोत्साहनासाठी तो वापरायचा नसतो. अशा आणि नेहमीच्या मिळून १२६ शर्यतींची तुलना झाली. वेळ आणि सुरक्षा, दोन्हींत लक्षणीय फरक नव्हता.

"त्यांची कातडी जाड असते, लागत नाही" असंही म्हटलं जातं. २०२० मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्याची आणि माणसाची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली. वेदना ओळखणारा वरचा थर आणि तिथल्या मज्जातंतूंची टोकं यांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. नॉर्वेने तर १९८२ मध्येच चाबकाच्या वापरावर बंदी आणली, तरी तिथल्या शर्यती सुरू आहेत.

उरलेल्या तासांचं काय?

शर्यत दोन-तीन मिनिटांत संपते. त्यामुळे "घोड्याचं भलं होतं का" याचं खरं उत्तर तबेल्यात सापडतं. तिथली जमेची बाजू मोठी आहे. वेळेवर खुराक, नियमित नाल, डॉक्टर आणि दिवसभर सोबत असणारा मोतद्दार. आपल्या रस्त्यांवर टांग्याला किंवा ओझ्याला जुंपलेल्या घोड्यांशी तुलना केली, तर हे राजेशाही आयुष्य आहे. तरुण घोड्याला योग्य व्यायाम मिळाला तर त्याची हाडं मजबूत होतात, हेही खरं.

आता दुसरी बाजू. मोकळा घोडा दिवसातला बहुतेक वेळ चरण्यात घालवतो. त्याच्या जठरात आम्ल सतत तयार होत असतं आणि चरताना येणारी लाळ व गवत ते सौम्य करतात. रेसच्या घोड्याला गवत कमी, धान्य जास्त, त्यात एकट्याने बंद खोलीत राहणं आणि जोरदार व्यायाम. परिणाम असा, की प्रशिक्षणातल्या घोड्यांच्या अनेक पाहण्यांत ८० टक्के किंवा त्याहून जास्त घोड्यांच्या जठरात व्रण सापडले आहेत. तीव्र धावेनंतर फुप्फुसांत रक्तस्राव होणं हाही या घोड्यांचा नेहमीचा त्रास. तो बहुतेकदा बाहेरून दिसत नाही, दुर्बीण आत घालून बघावं लागतं.

आणि शर्यतीनंतर? थरोब्रेड दोन वर्षांचा असतानाच शर्यतीत उतरू शकतो आणि पंचवीस वर्षं सहज जगू शकतो. त्याची कारकीर्द मात्र थोड्याच वर्षांत आटोपते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवात यातूनच झाली. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण घोड्याच्या रक्तापासून प्रतिविष बनतं. त्यातून स्वतःच सीरम बनवण्याची कल्पना निघाली आणि १९६६ मध्ये संस्था उभी राहिली. माणसांचा यात प्रचंड फायदा झाला. पण "घोड्याचा फायदा" या शब्दांत आपण नेमका कुणाचा फायदा मोजतो, ते यावरून लक्षात येतं.

खरंच विचारता येतं?

"घोडा बोलतो थोडाच?" असं वाटत असेल, तर नॉर्वेतला २०१६ चा प्रयोग ऐका. संशोधकांनी २३ घोड्यांना पाट्यांवरच्या खुणा शिकवल्या. एक खूण 'झूल घाला', दुसरी 'झूल काढा', तिसरी 'आहे तसंच राहू द्या'. दोन आठवड्यांत सगळे शिकले. थंडी-पावसात घोडे झूल मागायचे आणि छान हवेत काढायला सांगायचे. म्हणजे घोड्याला पसंती असते आणि ती विचारताही येते. अमेरिकेत तबेल्यातल्या घोड्यांना पर्याय देऊन पाहिले गेले, तेव्हा इतर घोड्यांसोबत मोकळं सुटायला ते उत्सुक होते. ट्रेडमिलवरच्या सक्तीच्या पळण्यापेक्षा मात्र त्यांनी चक्क तबेल्यात परतणं पसंत केलं.

म्हणून माझं मत असं. पळणं घोड्याला आवडतं, सोबत्यांसह पळणं तर खूपच. शर्यत ही त्या आवडीवर माणसाने रचलेली गोष्ट आहे. तिच्यातल्या सक्तीचा भाग घोड्याला आवडतो, असं म्हणायला आपल्या हाती काही नाही.

मग शर्यती उद्या बंद करायच्या? एवढं सोपं नाही. मोतद्दार, नाल ठोकणारे, जॉकी, स्टड फार्मवरचे कामगार यांची घरं यावर चालतात. शिवाय शर्यतच नसेल तर थरोब्रेड ही जातच कुणी का पोसावी, हा प्रश्नही आहे. पण काही गोष्टी शर्यत बंद न करता मागता येतात. मुंबई-पुण्यात चाबूक न वापरता काही शर्यती घेऊन बघा. तबेल्यातल्या घोड्याला रोज काही तास सोबत्यांबरोबर मोकळं सोडा. दर मोसमानंतर किती घोडे जखमी झाले, किती दगावले, निवृत्त झालेले कुठे गेले, हे कुणालाही सहज वाचता येईल असं जाहीर करा. आकडे मोजल्याने फरक पडतो. अमेरिकेत २००९ पासून याची पद्धतशीर नोंद सुरू झाली. तेव्हा दर हजार धावांमागे २ घोडे दगावत होते, २०२२ मध्ये हे प्रमाण १.२५ वर आलं. ते शून्य नाही, पण मोजलं म्हणून कुठे काय चुकतं ते शोधता तरी आलं.

प्राण्यांना विनाकारण वेदना देणं, मारणं, दमवणं हा आपल्याकडे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. 'विनाकारण' म्हणजे काय, हे काळाप्रमाणे आपणच ठरवत असतो. पुढच्या डर्बीचा व्हिडिओ समोर येईल, तेव्हा हॅट्सवरून पुढे सरका आणि शेवटचे ४०० मीटर बघा. जॉकीचा हात, घोड्याचे कान, त्याचं तोंड. मग कॅन्टीनमधला तो वाद पुन्हा सुरू करा. या वेळी चहा संपला, तरी विषय संपवू नका.